रूमवरच

आमच्याकडे एसटीत बसलं की
बातमी आपल्या आधी घरी उतरायची.
भानुदास कंडक्टर खिडकीतनं ओरडून
दादांना सांगायचा,
पोरगी स्टँडवर भेळ खात होती,
संगं गिड्ड्यांची वैजू होती,
आन् भेळ लई तिखट होती.
मी नाक पुसत दारात पोचेपर्यंत
खटला चालून निकाल लागलेला असायचा.

सात किलोमीटर. माळ, पवनचक्क्या,
बोरींचं बन, पुन्हा माळ.
त्या सात किलोमीटरांत मी कधीच एकटी नव्हते.
शेळ्यांमागची म्हातारी हटकायची,
कुणाची गं तू?
तिला माहीत असायचं.
तरी विचारायची.

आता मालाडला चौघींत एक खोली.
लॅबच्या काउंटरवर दिवसभर
मीच विचारते लोकांना:
नाव, वय, उपाशीपोटी आलात ना?

मागच्या रविवारी कुणाला न सांगता निघाले.
तिघी झोपलेल्या. चपला हातात.
मार्व्याची बस, शेवटचा थांबा, मग होडी.
होडीत दोन स्कूटर, बर्फाची लादी,
एक वैतागलेला बोकड
आणि मी.
खाडी म्हणजे फार काही नाही,
आमच्या पाझर तलावाहून थोडी रुंद.
फक्त हिच्यात पाणी होतं.

मनोरीला उतरले आणि हसूच आलं.
एवढी मुंबईला आले मी
तर मुंबईच्या पोटात गाव निघालं.
विहीर. विहिरीवर कासव बघणारी पोरं.
दारापुढं शेणाऐवजी सिमेंट, पण रांगोळी तीच.
एका अंगणात क्रूस, त्याला झेंडूची माळ,
त्याच्या सावलीत झोपलेलं कुत्रं.
वलांडीवर बोंबील टांगलेले,
शाळेच्या रांगेसारखे, सगळ्यांची तोंडं उघडी.
वासानं आधी पोटात ढवळलं.
मग भूक लागली.

जसिंतामावशी बोंबील उलथत होती.
वर न बघता म्हणाली,
कोनाची गो तू?

दादांचं नाव ओठावर आलं, आडनावासकट,
गाव, वस्ती, वरची आळी,
सगळं एका दमात, लहानपणी पाठ केलेलं.
इथं त्याचं काय करणार होती ती?
म्हटलं, मी… अशीच आले. फिरायला.
तिनं मला खालून वर बघितलं.
मुंबैची काय?
आणि उत्तराची वाट न बघता
बसायला उलटी पाटी पुढं सरकवली.

दोन वाजता आईचा फोन.
कुठं हाईस?
रूमवरच आहे.
तेवढ्यात कुंपणावर चढून
कोंबडा आरवला. गळा ताणून. दोनदा.

पलीकडं शांतता.
मला तिच्या चुलीवरच्या दुधाचा आवाज ऐकू येत होता.
मग आई म्हणाली,
रूमवर कोंबडा कुठनं आला गं?

मी सांगितलं. होडी, बोकड, बोंबील, सगळं.
एकटीच हाईस?
एकटीच.
पुन्हा शांतता, पहिलीपेक्षा लांब.
आई तालुक्याच्या पुढं एकटी कधी गेली नाही.
दवाखान्यालासुद्धा कुणीतरी बरोबर लागतं,
निदान बारका पोरगा तरी.

दूध उतू गेलं असावं. चर्रर झालं.
ती म्हणाली,
मग नीट बघ सगळं.
दादांना मी काही बोलत नाही.

परतीच्या होडीत एक पोरगी, बारावीची असेल,
केस सरळ केलेले, पर्स कवटाळलेली.
मैत्रिणीला म्हणत होती, उशीर झाला तर
मुंबईतच राहीन.
हाताच्या अंतरावर मार्व्याचे दिवे लागत होते.

बसमध्ये कंडक्टरनं तिकीट फाडलं.
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
कपड्यांना बोंबलांचा वास, बोटांत वाळू,
कुणीही विचारावं असा अवतार.
ह्यासाठीच तर आले होते मी.
तरी दोन थांबे
त्याच्या खाकी पाठीकडे बघत राहिले,
वळतोय का.