रेघेची जाडी

इताइयाच्या वह्या माझ्याकडे येत.
गुलाबी कागद, पाण्यानं न भिजणारा,
आणि पेन्सिल, कारण शाई खाऱ्या हवेत पसरते.
बेतिओच्या कचेरीत पंख्याखाली बसून
मी त्याचे आकडे संगणकात उतरवत असे:
ट्यूना किती टन, जाळं कधी पडलं, अक्षांश, रेखांश,
चुकून आलेली कासवं दोन, जिवंत सोडली.
कप्तानाचं म्हणणं वेगळं असलं तर तेही, समासात.

आठ वेळा गेला, आठ वेळा परतला.
नवव्या खेपेला वही आली.
नुसती वही.

शेवटच्या पानावर अकरा मुशी:
"पर कापलेले, धडं पाण्यात. फोटो घेतला."
फोटो नव्हता. कॅमेराही नव्हता.
जहाजाचं पत्र होतं, चार ओळींचं:
पहाटेनंतर दिसला नाही, समुद्र शांत, वारा नावाला.

मग मी पत्रं लिहायला लागले.
जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाला समुद्रच नाही;
तिथून सव्वा वर्षानं उत्तर आलं,
तिकिटावर बर्फाचा डोंगर.
मालक दुसऱ्या देशात, त्याचं ऑफिस तिसऱ्यात,
टपालपेटीच्या मापाचं.
कप्तान चौथ्या देशाचा, तोवर निवृत्त.
मासे पाचव्या बंदरात उतरले, डबे झाले,
आमच्याच दुकानात परत आले असतील, कुणी सांगावं.
प्रत्येकाला खेद होता.
खेदाला अधिकारक्षेत्र लागत नाही.

काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही म्हणतात.
म्हणणाऱ्यांनी नकाशे पाहिले नव्हते.
किनाऱ्यापासून बारा मैल आमचं, अगदी आमचं;
दोनशेपर्यंत मासे आमचे, वाट मात्र कुणाचीही;
त्यापुढे सगळ्यांचं, म्हणजे
जो पोचेल त्याचं.
हद्दींच्या मध्ये कुठे कुठे एखादा तुकडा उरतो,
त्याला कायद्याची माणसं खिसा म्हणतात.
शर्टाला असतो तसा.
आत काय आहे ते शेजाऱ्याला दिसत नाही.

नेई रितेती आली ती भर दुपारी, ओहोटीला,
पायांना ओली वाळू, केसांना खोबरेल.
भरपाईचा कागद पुढे केला तर तिनं तो उलटा ठेवला.
घरामागं, बबाईच्या खड्ड्यापलीकडे,
प्रवाळाचे दगड लावून तिनं जागा आखली होती.
रिकामीच.
"त्याचं डोकं कुठल्या दिशेला करू?" म्हणाली.

मी नकाशा पसरला. वहीतली शेवटची नोंद घेतली,
पट्टी लावली, कर्कटक फिरवला,
आणि बिंदू पडला थेट रेघेवर.
आत नाही, बाहेर नाही.
साहेब म्हणाले, नीट बघ,
आत की बाहेर, खटला त्यावरच उभा राहतो.
नीट बघितलं. अर्ध्या मिलिमीटरची रेघ,
या नकाशाच्या प्रमाणात जवळजवळ एक मैल रुंद.
कुठल्याशा छापखान्यानं
कुठल्याही परिषदेला न विचारता
समुद्रात एक मैलाचा पट्टा घातला होता, काळ्या शाईचा,
आणि आमचा मुलगा त्यात होता.

रितेतीनं तिथं बोट ठेवलं.
मी मनातल्या मनात हिशेब केला:
बोटाखाली अठ्ठावीस मैल पाणी.
साहेब काही बोलणार होते, मग चष्माच पुसत राहिले.
"खोल किती?" तिनं विचारलं.
मी आकडा सांगितला.
तो तिनं एकदा आपल्या भाषेत पुटपुटून पाहिला,
नारळ मोजावेत तसा.
"आणि दिशा?"
दक्षिण, मी म्हटलं, किंचित पश्चिमेकडे.
ती उठली. भरती लागायच्या आत
तिला पोचायचं होतं.

नकाशावर तेलाचा डाग राहिला आहे.
नवा मागवा, असं तपासणीवाल्यांनी दोनदा लिहिलं.
उजेडापुढे धरला की तेवढ्या जागी
कागद पातळ झाल्यासारखा वाटतो,
रेघ दिसते, रेघेपलीकडचा
माझा हातही दिसतो.
मागणीचा अर्ज खणात आहे.
भरलेला नाही.