येऊ काय आत?

हिंडलग्याच्या तुरुंगात मी एकोणतीस वर्षं चाव्या वाजवल्या.
कमरेला बारा. झोपेतसुद्धा मोजायचो.
मॅडम आल्या त्या साली गजांना नवा रंग चालला होता.
कॉलेजातल्या प्राध्यापक, कैद्यांवर काहीतरी अभ्यास,
आडनाव सांबरेकर, खांद्याला कापडी पिशवी,
पिशवीत वह्या, आणि चष्म्याचं रिकामं घर.

तीन नंबर बराकीचं कुलूप मी काढलं,
दार ढकललं, म्हटलं, चला.
त्या बाहेरच थांबल्या.
गजावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केली
आणि आत बघून विचारलं, "येऊ काय?"

मला नव्हे.
परवानगीचा कागद तर माझ्या खिशात होता,
गोल शिक्का, कन्नडात तारीख.

चाळीस माणसं, आणि उत्तर कुणाला येईना.
नळ गळत होता तेवढा ऐकू येत होता.
मग भिंतीकडचा एक्केचाळीसशे सात उठला,
नंदगडचा, सख्ख्या भावावर विळा चालवलेला,
घोंगडी झटकली, उलटी करून अंथरली,
म्हणाला, "या की. बसा."
"चहा नाही बगा आमच्यात," असंही म्हणाला
आणि स्वतःच लाजला.

पुढं दर गुरुवारी त्या, दर गुरुवारी टकटक.
ड्युटी रूममध्ये आम्ही नक्कल करून हसायचो.
सगळ्यात झकास मीच करायचो.
संडासाला दार किती उंच, पत्रं कोण फोडतं,
हाक कशी मारता, सगळं लिहून घेतलं.
म्हटलं, नंबरानं. वेळ वाचतो.
"कुणाचा?" विचारलं, आणि तेही लिहिलं.
त्या वह्यांचं पुढं काय झालं ठाऊक नाही.
संडासांना दारं आली, अर्धी. तेवढी बघितली.

रिटायर होऊन तीन वर्षं झाली.
परवा मेव्हण्याच्या कामाला नंदगडला गेलो,
बाजारात कोणी म्हणालं, सुटलाय तो, देवळामागं असतोय.
दार सताड उघडं.
सवयीनं एक पाय आत टाकलाच होता,
खरं मागं घेतला.
हात कमरेला गेला, तिथं काही नव्हतं.
मग चौकटीवर टकटक केली.

आतून आवाज, "कोण?"

चौदा वर्षं तो मला साहेब म्हणालेला.
मी त्याला काय म्हणायचो ते ओठावर आलं,
गिळलं.
"मी भरमा," म्हटलं. "येऊ काय?"

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.
मग बराच वेळ काही नाही.