अकरा मिलिमीटर

मागचं उजवं टायर.
हात फिरवला: जाताना गुळगुळीत,
येताना करवतीसारखं बोटांना लागलं.

हे म्हणाले, तुझ्या बरण्यांचं वजन त्याच बाजूला.
मी म्हटलं, कसाऱ्याचा घाट.
टायरवाल्यानं कंपनीला शिव्या घातल्या, नवं विकलं.
तेही दोन महिन्यांत टकलं.

आडगाव नाक्यामागे खलीलमिस्त्रींनी
कुणालाच बोल लावला नाही.
आमचं फिरतं घर जीपपासून सोडवलं,
सपाट कोब्यावर घेतलं, लेव्हल लावली
आणि खिशातून गवंड्याचा दोरा काढला.

एक टोक माझ्या हाती, पुढे, जोडाच्या खिळ्यापाशी.
"ताई, ताणून धरा. सैल पडला की खोटं बोलतो."
पुढचा ॲक्सल: डावीउजवीकडे सारखं.
मागचा:
खडूच्या दोन खुणांत अकरा मिलिमीटर.

करंगळीच्या नखाएवढं.
एकाच घराखाली दोन ॲक्सल
वेगवेगळ्या गावांना निघालेले
आणि खिडकीतून रस्ता तर सरळच दिसायचा.

ओझरला विमानांचे पंख मोजून रिटायर झालेले हे
वाकून बघत राहिले.

पाट्यांखाली सेंटर बोल्ट तुटलेला निघाला.
यू-बोल्ट सैल केले, जॅक लावला,
लाकडी ठोकळ्यावर चार घाव, पाचवा हलका.
ठक्.
पुन्हा दोरा. पुन्हा मी.
खूण खुणेवर बसली.

"शंभर किलोमीटर झाले की नट परत आवळा."

चांदवडच्या टोलपर्यंत हे गप्प.
मग म्हणाले, बरण्या आहेत तिथेच राहू देत.
मी बोटावरचा दोऱ्याचा वळ चोळत होते.