बावीस मीटर

कोन्सेप्सियोनला, विद्यापीठाच्या तळघरात
मी माणसांना प्लायवूडच्या भिंतीआड बसवते.
दहा बिल्ले. पलीकडे कुणीतरी.
तुम्ही द्याल त्याचे तिप्पट होतात,
त्यातले परत किती करायचे ते पलीकडचा ठरवतो.
नाव विचारायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही.
सरासरी: पाच पूर्णांक एक.
पोरं हातचं राखूनच देतात.

मार्चमध्ये तीच भिंत बिजागऱ्यांवर दुमडून
पिकअपमध्ये टाकली, तुम्बेसच्या धक्क्यावर नेली.
वाऱ्याने दोनदा पाडली.
एक कुत्रा बिल्ला तोंडात धरून पळाला.
"गहाळ," मी नोंद केली.

एलियासेर, पाणबुड्या, वय छप्पन्न,
रबरी पोशाखातून अजून समुद्र ठिबकतोय.
"पलीकडे कोण?"
सांगता येत नाही.
"कुठल्या होडीवरचा?"
तेही नाही.
"मग कशाला?" म्हणाला,
आणि दहाच्या दहा बिल्ले
पालथ्या हाताने स्वतःकडे ओढले.
मी लिहिलं: शून्य.

दुसऱ्या दिवशी त्यानेच मला होडीत घेतलं.
डिझेलचा वास, कॉम्प्रेसरची धडधड,
पिवळी नळी वेटोळं सोडत पाण्यात उतरत गेली.
बावीस मीटर खाली तो,
खडकाला चिकटलेले लोको सोडवत.
वर नोल्बेर्तो,
ज्याने त्याच्या बहिणीला सोडचिठ्ठी दिली,
ज्याच्याशी त्याचा सात वर्षं अबोला आहे,
नळी दोन बोटांत धरून
आजाऱ्याची नाडी धरावी तशी.

एक ते सात या मापात, मी विचारलं,
तुमच्यावर त्याचा भरवसा किती असेल?
नोल्बेर्तोने मान वर केली नाही.
"बाई, बोलू नका. तो श्वास घेतोय."

तळघरात परत आले त्याला आता चार महिने झाले.
भिंतीला मूठभर भोक पाडलंय,
त्यातून दोरी ओवलीय; दोघांनी एकेक टोक धरून बसायचं.
सहकारी म्हणतात, प्रयोग विटाळलास.
असेल. आकडा वाढला का, तेही सांगता येत नाही,
तेवीसच जण झालेत, त्यातले दोघे तर मित्रच निघाले.

पण काल एक मुलगी
बिल्ल्यांकडे बघायचीच विसरली.
दोरी जरा सैल पडली की हलकेच ओढून घ्यायची,
पलीकडून उत्तर आलं की थांबायची.
वेळ संपली होती. मी घंटी वाजवली नाही.

वहीत तिच्या नावापुढचा रकाना
अजून कोराच आहे.