पावाचं वजन धरलेलं नाही

दिल्लीच्या नियमात मोटर अडीचशे वॅटच्या आत असावी,
वेग पंचविसाच्या आत, वजन साठ किलोच्या आत.
एवढं पाळलं की ते वाहन नव्हे, सायकल.
नंबर नको, परवाना नको,
मी नको.

पणजीहून आलेलं परिपत्रक मात्र म्हणतं,
बॅटरीवर चालतं ते सगळं वाहन,
फेरीबोटीच्या धक्क्यावर कागद तपासावेत.
खाली सही, सहीवर शिक्का, शिक्का तिरका.

आणि मधे इनास, दिवाडीचा पोदेर.
मागे वेताची टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक,
हँडलला रबरी भोंगा,
पुढच्या चाकात म्हापशाहून बसवून आणलेलं
ताटलीएवढं यंत्र.
त्यावरचा आकडा पुसट. दोनशे पन्नास असेल,
तीनशे पन्नासही असेल.
मी बोट ओलं करून घासलं
तर होतं तेवढं शून्यही गेलं.

तक्रार निनावी, पण अक्षर ओळखीचं:
'चर्चच्या उतारावर हा तिसाच्या वर जातो.'
चर्चच्या उतारावर नारळसुद्धा
तिसाच्या वर जातो.

रेशनच्या दुकानातून काटा मागवला.
सायकल रिकामी छत्तीस.
सायकल पोयांसकट एकाहत्तर.
नियम पुन्हा वाचला, इंग्रजीत, मग मराठीत.
पावाचा उल्लेख कुठंच नाही.
वरच्या साहेबांना फोन केला.
केंद्राला विचारावं लागेल, म्हणाले,
पत्र पुढच्या आठवड्यात लिहू.
तोवर जप्त कर. मग म्हणाले, नको करू.
मग फेरीबोट वाजली आणि पुढचं
ऐकू आलं नाही, असं मी धरलं.

इनास एवढा वेळ कठड्यावर,
उजवा पाय लांब करून.
गुडघ्यावर वीतभर शिवण, बांबोळीची.
"सायबा," म्हणाला,
"हें म्हजें धोंपर केंद्राचें की राज्याचें?"

मी हसलो नाही. हातातल्या अर्जात रकाना होता:
वाहनाचा प्रकार.
पोया निवत होत्या.
पलीकडे रायबंदरला फाटकांवर पिशव्या लटकत असणार,
एकीत चिठ्ठी, तीन पोया, एक उंडो,
सुटे पैसे कागदात गुंडाळून.
त्यातली एक पिशवी माझ्या बायकोची.

जा, म्हटलं. पण बोटीत मोटर बंद ठेव.
पाण्यावर ती बंदच असते, तो म्हणाला,
तेवढी तरी.

आज रविवार. फाइल घरी आणलीय.
रकाना कोरा.
घडीत कोंडा अडकलेला, पोयीवरचा,
फुंकला तर आणखी आत गेला.
रस्त्यावर भोंगा वाजला,
कामतांच्या घरापाशी असावा.
त्यानंतरचं घर आमचं, मधे फक्त चढ.
एरवी मी पैसे शोधेपर्यंत तो फाटकात असतो.

आज माझा अर्धा चहा झाला.
मग उरलेला अर्धाही.