रविवारची तहान

पहिल्याच पंधरवड्यात तिनं माझ्या दोनशे ओळींवर
एकेचाळीस शेरे मारले.
मी मोजले. चहा पिऊन आलो, पुन्हा मोजले.

घालामधलं ऑफिस, एसी इतका गार
की मस्कतचा ऑगस्ट फक्त चष्म्याला आठवायचा,
दाराबाहेर पाऊल पडताच तो पांढरा व्हायचा.

बुथैना तिचं नाव, गाव इब्रा.
तोंडानं म्हणायची, "सबाह अल-खैर",
आणि स्क्रीनवर लिहायची :
"‘डेटा-दोन’? मग डेटा-एक कुठे गेला?"
"हेच तीन ठिकाणी का?"
"इथे शून्य आलं तर?"

मी लिहायचो : घाई होती.
मी लिहायचो : हे आधीच्या माणसाचं.
मी लिहायचो : माझ्या मशीनवर चालतंय.

खरं तर मी तेव्हा इचलकरंजीत असायचो.
काचेचं टेबल, खाली ट्यूब पेटलेली,
वरून कापड सरकतंय वार वार,
आणि तपासनिसाच्या हातात खडू —
तुटला उभा धागा, सुटला आडवा, तेलाचा डाग.
खुणेमागे इतके पैसे, असा हिशेब.
पगाराच्या दिवशी आप्पा पाकीट उघडण्याआधी
हात धुऊन यायचे.
खडू दिसला की माझे खांदे अजून आपोआप वर जातात.

पाचव्या आठवड्यात टँकरांचं वेळापत्रक आलं,
गोड्या पाण्याचे निळे टँकर, कुठल्या गल्लीत कधी.
मी सवयीनं एक ओळ टाकली : रविवार, सुट्टी.
तिचा एकच शेरा :
"मस्कतमध्ये रविवारी तहान लागत नाही का?"

मी हसलो. मोठ्यानं.
मग अल-खूदमधल्या एका गच्चीवरची टाकी दिसली,
कुणीतरी नळ फिरवतंय
आणि नळातून नुसती हवा खोकतेय.

कापड शेवटी कुणीतरी अंगावर घालणार असतं,
हे आप्पांना कधी कुणी सांगितलंच नाही.
त्यांना दिसले फक्त कापलेले पैसे.

दिवाळीच्या सुमारास तिनं तिचा कोड माझ्याकडे पाठवला.
मी दोन मिनिटांत लिहिलं : छान, सगळं ठीक.
ती उठून माझ्या टेबलाशी आली.
"तू वाचलं नाहीस."
एवढंच. कान तापले.

डबा तसाच ठेवून वाचत बसलो.
आई त्याच कारखान्यात मेंडिंगला होती,
चिमटा, सुई, आणि खडू पुसायला
ओल्या फडक्याचा एक कोपरा.
खूण झाल्यावर तिचं काम सुरू व्हायचं,
हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

एकशे सदतिसाव्या ओळीवर थांबलो.
"चूक आहे" लिहिलं, खोडलं.
"माफ कर, पण कदाचित" लिहिलं, तेही खोडलं.
शेवटी : "टाकी आधीच भरलेली असेल तर?"

थोड्या वेळानं उत्तर आलं : "बरोबर."
मी दिवसभर तो शब्द खिशात घालून हिंडलो.

आज रविवार.
गल्लीत टँकर पीं पीं करत मागे येतोय,
पाइप गच्चीवर चढतोय.
नळाखाली हात धरून मी उगाच उभा.
उशीर होतोय. ऑफिसात नवा मुलगा सिजो,
त्याच्या तीनशे ओळी माझ्या नावावर पडल्यात.
काल रात्री नुसत्या उघडून पाहिल्या.
पहिलाच शब्द :
डेटा-तीन.