फुली

म्हापशात, मार्केटच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर
मी लोकांना चेहरे करून देते.
औषधाच्या दुकानाला, काजूवाल्याला,
हणजुण्याच्या त्या होमस्टेला, ज्यांना
‘गोंयकार दिसायला हवं, पण फार नको’.
तीन नमुने, दोन दुरुस्त्या, निम्मे पैसे आगाऊ.

स्वतःचं कार्ड मात्र
सोळा वर्षं झालं नाही.

कारण आडनाव.
मराठीत सरळ आहे, शेटगावकर,
शहामृगातला श, पोटफोड्या नव्हे.
रोमीत लिहायला घेतलं की सुरुवातीलाच एक्स.
पाखल्यांच्या राज्यात पेडण्याच्या कचेरीत
कुणा कारकुनाने बाबांचा जन्म नोंदवताना
आमचा श ऐकला, त्याच्या सवयीने लिहिला,
आणि जेवायला गेला असेल.

पुण्यात कॉलेजला हजेरी घेताना सर तिथे अडत.
‘हे काय, नाव खोडलंय की आहे?’
वर्ग हसायचा. मीही हसायचे,
बाकावर फुली-गोळा खेळत असल्यासारखी.
पुढे एकाने सांगितलं, अॅफिडेव्हिट करा,
एस लावून घ्या, आठ दिवसांत मोकळ्या व्हाल.
फॉर्म आणलासुद्धा. ड्रॉवरमध्ये आहे.

बाबा पाट्या रंगवायचे.
बँकेची, बारची, देवळाच्या कमिटीची.
‘या विहिरीचं पाणी पिऊ नये’ ही पाटी
त्यांनी दोन दिवस घोटली.
शेजारचा बार्नाबे म्हणाला, एवढं कशाला?
तर म्हणाले, बँकेची पाटी चुकली म्हणून कोण मरतो?
झाडाला पाटी ठोकायची असली तर काम परत.
वडाने तुमचं काय घोडं मारलंय, विचारायचे,
आणि खरंच उत्तराची वाट बघत उभे राहायचे.
त्यांच्या एकाही पाटीवर त्यांचं नाव नाही.
‘कोपरा मोकळा सोडलाय ना, तोच मी.’
मला तेव्हा ते गरिबाचं बोलणं वाटायचं.

गेल्या चवथीच्या आधी
नदीतल्या एका जुगाराच्या बोटीचं काम आलं.
बोधचिन्ह, वेटरांचे गणवेश, टिश्यूवरचा ठसा, सगळं.
मी म्हटलं, वेळ नाही.
खरं कारण सांगितलं नाही, एवढी मी धीट नाही.
भाड्याच्या तारखेला तो आकडा आठवतो.
अजून आठवतो.

त्या संध्याकाळी वीज गेली,
संगणक डोळा मिटून बसला.
मी बाबांचा सहा नंबरचा ब्रश शोधला,
केस अर्धे झडलेले,
आणि बशीत हुरमुंजी कालवली,
जुन्या घरांच्या जमिनीला असते ती.
एक रेघ वरून खाली. थांबले.
दुसरी तिच्यावरून, जरा कमी दाबून,
जिथे ओलांडली तिथे रंग साचला, तसाच राहू दिला.
जास्त काही नाही. सोनेरी वर्ख नाही,
नारळ नाही, लाट नाही, खिडकीतले शिंपले नाहीत.
फुलीखाली मराठीत पूर्ण नाव, शिरोरेषा न तोडता,
आणि उजवा कोपरा मोकळा.

आईने कागद लांब धरून पाहिला.
बोट नाकाकडे गेलं.
‘माझी फुली कित्याक काडली गो हांगा?’
चार पाकळ्यांची, एक खडा पडलेली.
मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

छापखान्यात बिपीनने प्रूफ उलटंसुलटं केलं.
‘मॅडम, इथे कुणीतरी फुली मारलीय.
काढू?’

काढलीच आहे, मी म्हटलं.
त्याला कळलं नाही. मग सरळ सांगितलं,
राहू दे, दोनशे छाप,
साध्या कागदावर.